दत्तात्रेयाची रोह्यातली चौकशी

हमरापूरच्या दत्तात्रेयाला कुणी सांगितलं नव्हतं, तरी तो सकाळची एसटी पकडून रोह्याला निघाला. त्याची मुलगी शकू बारावीला गणितात शंभरातले सत्त्याण्णव घेऊन बसली होती आणि पुढं म्हणे संख्याशास्त्र शिकणार होती. फॉर्मची मुदत उद्या संपत होती आणि त्यावर बापाची सही हवी होती. "नोकरीची खात्री पटली तर सही," असं त्यानं सुनावलं होतं. खात्री करायला रोह्यात भाचा होता, कान्हू. तो औषधांच्या कंपनीत मालाची तपासणी करायचा.

खरं सांगायचं तर दत्तात्रेयाला खात्री नकोच होती. गणपतीच्या डोळ्यांची आखणी शकूसारखी अख्ख्या गावात कुणाला जमत नव्हती. तिनं पेणला साधं बी.ए. करावं आणि घरच्या गणपतीच्या कारखान्यात बसावं, एवढंच त्याचं मागणं. कान्हूनं नुसतं नाक मुरडलं असतं तरी काम फत्ते होतं.

कान्हू उलट खूश झाला. "मामा, पोरगी हुशार निघाली! हजार बाटल्यांतल्या किती तपासायच्या, ते आमच्याकडं संख्याशास्त्रवालाच ठरवतो. विमा, बँका, सगळीकडं मागणी हाय."

"येवढ्यासाठी कॉलेज? मी रांगेतल्या चार मूर्ती बोटानं वाजवतो नि सांगतो, शंभर सुकल्या."

"आनि पाचवी वली निघाली तर?"

गेल्या साली नेमकं तेच झालं होतं, रंगाचे पोपडे निघाले होते. दत्तात्रेयानं चहाचा कप तोंडाला लावला, तो बराच वेळ खाली आला नाही.

"पन ही नोकरी पेणला मिळंल ना?"

"पेणला कशी मिळंल? मुंबई नायतर पुणं."

त्यानं तीनदा विचारलं. उत्तर तेच.

परतताना त्यानं थाप जुळवली, कान्हू म्हणतो नोकरी नाय. वडखळपर्यंत ती पाठही झाली. दारात शकू उभी होती, हात रंगानं भरलेले.

"काय म्हनाला कान्हूदादा?"

तिच्या तोंडाकडं बघितलं आणि सगळं पाठांतर कोसळलं. "लागते म्हनतो," तो म्हणाला. "पन लांब लागते गो."

"ठाव हाय. मी कालच फोन केला व्हता. बाबांना सांगू नको म्हनलं व्हतं त्याला."

"मग मला कशाला जाऊ दिलंस? हाडं खिळखिळी झाली!"

"तुमी येऊन काय सांगता, ते बघायचं व्हतं." शकू हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "खोटं बोलला असता ना बाबा, तर समजले असते, माझ्याबिगर तुमचं चालनार नाय. मग फॉर्म फाडला असता मी."

दत्तात्रेयाला आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या खरेपणाचा मनापासून राग आला. त्याच रागात त्यानं सही ठोकली.