लागू नाही

दामिनीनं सौमित्रचे बूट उचलले, फडक्यानं त्यांची धूळ पुसली आणि टोकं बाहेरच्या बाजूला करून उंबऱ्याशी ठेवले. दोन्ही एका रेषेत आलेत का ते वाकून पाहिलं, डावा बूट नखभर मागे सरकवला आणि ती आपल्या पाटावर जाऊन बसली. पुण्याच्या गाडीतून उतरून तिचा भाऊ घरात आला, त्याला दहा मिनिटंही झाली नव्हती.

दामिनी एकतीस वर्षांची. तिला ऑटिझम होता आणि ती बोलत नसे. पण घरात येणाऱ्या कुणाचंही पायताण तिच्या हातून सुटत नसे, मग तो मीटरवाला असो की आमदाराचा माणूस.

तिची आई कुंदाबाई म्हणजे निवृत्त मास्तरीण. अमरावतीत अशा मुलांच्या पालकांचा गट त्यांनी उभा केला, आणि तो उभा राहिला याचं श्रेय घ्यायला त्या कधी लाजल्या नाहीत. ऑटिझमवर पुढे कुठलं संशोधन व्हावं हे ठरवायला गेल्या वर्षी अकोल्याला बैठक भरली होती. तिथे त्यांनी उभं राहून सुनावलं, की तुम्ही आमच्या मुलांच्या पाहण्या करता, त्यांना कधी विचारता का? बोलता न येणाऱ्यालाही मत असतं. दोन वस्तू समोर ठेवा आणि थांबा. डॉक्टर मंडळींनी ते वहीत उतरवून घेतलं, शिफारशींत घातलं, आणि बातमीचं कात्रण फ्रीजच्या दारावर चिकटलं.

सौमित्र त्याच फ्रीजला टेकून अर्ज वाचत होता. दामिनीच्या कायदेशीर पालक आजवर कुंदाबाई होत्या. आता त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली, गुडघे बोलू लागले, आपल्यामागे हिचं कोण हा घोर झोपू देईना. म्हणून पुढचा पालक नेमून घ्यायला उद्या अकरा वाजता कलेक्टर कचेरीत समितीपुढे जायचं होतं. नाव सौमित्रचं. दुसरं कुणाचं असणार? सख्खा भाऊ, चांगली नोकरी, पुण्यात तीन खोल्या.

त्यानं सहीसाठी पेन काढलं आणि शेवटच्या रकान्यावर थांबला. 'संबंधित व्यक्तीचे मत.' पुढे आईच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'लागू नाही.'

"हे तू लिहिलंस?"

कुंदाबाईंनी चष्मा लावून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. घाईत भरला अर्ज, त्या म्हणाल्या. मग घाई नव्हती हे त्यांचं त्यांनाच आठवलं. चार दिवस तो कागद टेबलावर पडून होता आणि दामिनी त्याच टेबलावर रोज जेवत होती.

सौमित्र दाराकडे पाहत होता.

"माझे बूट ती नेहमी असेच ठेवते?"

"सगळ्याच पाहुण्यांचे ठेवते," कुंदाबाई म्हणाल्या. बोलून गेलेला शब्द आता गिळता येत नव्हता.

अकरा वर्षं तो पुण्यात होता. दिवाळीला दोन दिवस, आंब्यांच्या दिवसांत दोन दिवस. पाहुणा म्हटल्याचं त्याला फार लागलं, आणि ते खोटं नव्हतं म्हणून जास्तच.

साडेबाराला प्रणाली आली. ही दामिनी-सौमित्रची चुलत बहीण, दर्यापूरच्या खुशालकाकांची मुलगी, एसटीत कंडक्टर. अमरावतीला गाडी लागली की परतीच्या फेरीपर्यंत दोन तास मिळायचे, त्या वेळात ती डबा खायला इथे यायची. सहा वर्षं हे चाललं होतं. तिनं सँडल दारातच कशातरी भिरकावल्या. दामिनी उठली, त्या उचलून तिनं आतल्या मांडणीत आईच्या चपलांशेजारी ठेवल्या, आणि प्रणालीच्या डब्यातलं लोणचं आपल्या ताटात काढून घेतलं. दोघी न बोलता जेवायला बसल्या.

सौमित्रनं हे सगळं पाहिलं. कुंदाबाईंनीही पाहिलं, रोजच दिसत होतं, पण आज पाहिलं.

जेवणं झाल्यावर त्यांनी प्रणालीला अर्ज दाखवला आणि तुझं काय म्हणणं, असं चाचरत विचारलं. आपण नसलो तर दामिनीजवळ तू राहशील का, हेही त्यातच आलं.

"मी त येतेच, काकू. अमरावती डेपोत बदली माग्याले अर्जबी देला हाये. पण मले काहून विचारून राहिल्या? तिले विचारा ना."

कुंदाबाई उठल्या. मांडणीतल्या सँडल आणि उंबऱ्यावरचे बूट त्यांनी दामिनीपुढे शेजारी शेजारी ठेवले. कष्टानं खाली बसल्या.

"दामू, आई नसली की तू कुणाजवळ राहशील?"

मग त्या थांबल्या. शेकडो आयांना त्यांनी हे थांबणं शिकवलं होतं, पण ते इतकं जड असतं हे आज कळलं.

बऱ्याच वेळानं दामिनीनं सँडल उचलल्या आणि मांडणीत होत्या तिथे नेऊन ठेवल्या. परत आली. बूट मांडीवर घेतले. सौमित्र पुढे वाकला. तिनं फडकं घेऊन ते पुन्हा पुसले, टाचेपासून टोकापर्यंत, सावकाश, आणि उंबऱ्याशी ठेवले. टोकं बाहेर.

कुंदाबाईंना मुलाकडे पाहवेना.

"मला जा म्हणतेय ती," सौमित्र म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पण रागानं नाही, आई. पुसून ठेवलेत."

ही जबाबदारी एक दिवस आपल्यावर येणार म्हणून तो विशीपासून घाबरत आला होता, आणि घाबरतो म्हणून स्वतःला कोसत आला होता. त्यानं आपल्या नावावर रेघ मारली आणि पेन आईकडे दिलं. कुंदाबाईंनी 'लागू नाही' खोडलं. बाजूला लिहिलं, 'विचारले.' पुढे काय लिहायचं ते त्यांना लगेच सुचलं नाही, तेव्हा प्रणालीनंच आपलं पूर्ण नाव सांगितलं.

दोन वाजता ती निघाली. सौमित्र तिला डेपोपर्यंत सोडायला उठला. अकरा वर्षं तो या दारातून उभ्या उभ्याच बुटांत पाय घालून निघत आला होता. आज तो उंबऱ्यावर बसला, आणि बहिणीनं लावलेले दोन बूट थोडा वेळ नुसतेच पाहत राहिला.