पुन्हा पुन्हा विहिरीत

सणसरच्या सर्जेरावांच्या घरी चहाचं आधण खाली उतरायला उसंत नव्हती. जुनी विहीर खोल करताना दरड कोसळली, त्यांचा मुलगा सोपान छातीपर्यंत मुरमात गाडला गेला आणि जिवंत निघाला. त्याला आता कितीतरी महिने लोटले, तरी भेटायला येणारे येतच होते. आपली माणसं मायाळू खरी, पण चहा पोटात गेला की विचारणारच, "कसं झालं रं, सांग की सगळं!"

मग सोपानऐवजी सर्जेरावच सांगत, अगदी रंगवून. गोष्ट अर्ध्यावर आली की सोपान उठून गोठ्यात जाई. ट्रॅक्टर धडधडला की दचके, झोपेत ओरडे. विहिरीची वाट तर त्यानं सोडलीच होती.

"धडधाकट गडी, आन् भितो!" सर्जेराव कावत. अंगारा झाला, उतारा झाला. शेवटी त्यांनी जालीम तोडगा काढला. विहिरीला पाणी लागलंय, तर पूजा सोपाननंच करायची, खाली उतरून!

पूजेला गाव जमलं. पहिल्याच पायरीवर सोपानचा श्वास अडकला, तो मटकन खाली बसला. सदरा घामानं चिंब. कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"उतर की! गावात माझं नाक कापतूस व्हय?" सर्जेराव गरजले.

गर्दीतून किराणा दुकानदार फारुकभाई पुढे आले. सोपानला सावलीत बसवून, पाणी पाजून ते सर्जेरावांकडे वळले.

"आबा, माझं दुकान जळालं तवा मी आत व्हतो. पुढं कितीतरी दिस धुराच्या वासानं हातपाय गळायचे. शेवटी बारामतीला मनाच्या डॉक्टरकडं गेलो, तवा कुठं झोप लागली."

"म्हंजी माझा सोपान येडा झालाय?"

"न्हाय आबा, जखमी हाय! मुरूम छातीवरनं निघाला, मनातनं न्हाय. तुमी रोज गोष्ट सांगता, आन् त्यो रोज गाडला जातूय."

सर्जेराव चपापले. गोष्ट मुरमापर्यंत आली की सोपानचा हात छातीवर जाई. ते त्यांनी पाहिलं होतं, तरी ते थांबले नव्हते! पूजा त्यांनी काठावरूनच उरकली.

दुसऱ्या दिवशी बापलेक बारामतीला निघाले, तोच बावड्याचे पाहुणे दारात. "कसं झालं वो सगळं?"

"च्या घ्या, पाऊसपाण्याचं बोला," सर्जेराव म्हणाले. "त्ये सोपानला वाटंल तवा त्यो सांगंल. न्हाय वाटलं तर न्हाय."

सोपाननं बापाकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदाच तो पाहुण्यांसमोरून उठून गेला नाही.

बंधुभगिनींनो, मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाला भेटायला जरूर जा. पण त्याला पुन्हा त्या दारात उभं करू नका. त्याचं दचकणं हा भित्रेपणा नाही, ते दुखणं आहे, आणि उपचारानं ते बरं होऊ शकतं.