सुपावरचा बेलभंडारा

मी केवळाबाई. शाळा चौथीत सुटली, पण अर्धापुरात आमच्या गल्लीचं एक मत मला विचारल्याबिगर हलत न्हाई. शेषेरावला हे पक्कं ठाऊक. म्हणून आमदारकीला उभा राहिला तेव्हा माझ्याच दारात आला. मी सगळ्या गल्लीला खंडोबापुढं नेलं, बेलभंडारा उचलायला लावला. ‘शेषेरावलाच मत’ असं म्हणणार, तोच हा हात जोडून म्हणाला, “आक्का, माणूस बघू नका, चिन्ह बघा. सुपाची शपथ घ्या.”

घेतली. जिवात जीव हाय तोवर सूप.

हा निवडून आला आणि सूप टाकून छत्रीवाल्यांत गेला. त्यांचं नगरपंचायतीचं तिकीट कुणाला आणलं? माझ्या रामलिंगला! लेक पेढे घेऊन आला. मी हात लावला न्हाई.

मागोमाग शेषेराव. “आक्का, गल्लीला शपथेची आठवण द्या.”

“शपथ सुपाची हाय. तूच घ्यायला लावलीस.”

“वरून साहेबांनी ठरवलं, मी काय करू?”

“मग खंडोबाला बी साहेबांनीच कळवलं का?”

शेजारची नागुबाई ओट्यावरून खिदळली, “पाऊस न्हाई, पाणी न्हाई, छत्री घेऊन आलंय येडं!”

रामलिंग कळवळला. “आई, पोटचा हाय मी.”

“हायस. म्हणून भाकर घालते. देवापुढं दिलेला शब्द कसा घालवू? आज फिरले तर उद्या या गल्लीत मला कोण विचारील?”

मतदानादिवशी बाया माझ्या तोंडाकडं बघायला लागल्या. मी सूप घेतलं आणि ओट्यावर ज्वारी पाखडत बसले. बाया बघत बघत केंद्राकडं गेल्या.

रामलिंग पडला. आमच्याच गल्लीनं पाडला. तेव्हापासून घरात जेवतो, पण ‘आई’ म्हणत न्हाई. ते दुखणं माझं मी गिळते.

आणि काल शेषेराव परत दारात! गळ्यात सूपवाल्यांचा गमछा. “आक्का, घरवापसी झाली. आता तर शपथ तुम्हाला लागू झाली.”

माझ्या डोळ्यांपुढं लेकाचं तोंड आलं. ज्वारी पाखडत होते, हातात सूप होतंच.

“सूप माझं हाय, शेषेराव. त्यात काय ठेवायचं आन् काय उडवायचं, ते पाखडणारी ठरवती.”

आणि झटका असा दिला, की सगळा कोंडा त्याच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर.