डबीतच राहिलेला रोल

मित्रांनो, मी खिशात मावणारा, रोलवर चालणारा एक जुना साधा कॅमेरा आहे. आमच्या घरातली शेवटची साधी सकाळ मला अजून स्वस्थ बसू देत नाही, म्हणून तिथूनच सांगतो.

बाबा टेबलाशी बसून माझ्यात नवा रोल भरत होते. त्यांची लेक चपला घालून दारात उभी होती.

"बाबा, आटपा ना! चष्म्याचं दुकान बंद होईल."

"आलोच गं. फिल्मचं टोक खाचेत अडकू दे."

"तुमचं हे कायमचंच!"

रोल भरला की बाबा चाक फिरवून माझ्या डावीकडची बारीक खुंटी बघायचे. तीही फिरली, म्हणजे फिल्म सरकते आहे. त्या दिवशी त्यांनी झाकण खटकन लावलं आणि खुंटी न बघताच निघाले. खुंटी हललीच नाही. मला कळत होतं. पण मला डोळा आहे, तोंड नाही.

बाबा विजेचे मीटर वाचायला दारोदार जायचे. मी वरच्या खिशात, पेनाशेजारी. एक बटण, एक चाक, बाकी कटकट नाही. ऊन पाठीशी घ्यायचं, चार पावलं मागे सरायचं आणि टक्! जिन्याखालचं मांजर, दोरीवर वाळणारा एकटाच मोजा, मीटरच्या पेटीत घरटं केलेली चिमणी. एका गोष्टीचा एकच फोटो.

"आणखी एक काढा ना," लेक लहान होती तेव्हा हट्ट करायची.

"कशाला? पहिल्यावर विश्वास नाही तुझा?"

रोल धुऊन येईपर्यंत दोघं पैजा लावायची, मांजराचं शेपूट आलं असेल की नाही. खरी गंमत त्या वाट बघण्यातच होती. पुढे लेक मोठी झाली. बाबा रस्त्यात थांबले, की ती पुढे जाऊन घड्याळ बघू लागली.

त्या सकाळीही तसंच. बाबांनी अकरा फोटो काढले. अकराव्याला म्हणाले, "इकडे बघ जरा."

"उशीर होतोय, बाबा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपर वाचता वाचता, बाबा खुर्चीतच गेले.

त्यानंतर लेक मला रोज कपाटातून काढायची, माझ्यावरचा, काढलेले फोटो मोजणारा अकराचा आकडा बघायची, परत ठेवायची. बाबांचा शेवटचा दिवस माझ्या पोटात आहे, असं तिला वाटत होतं.

"अगं, धुऊन तरी आण," आत्या म्हणाली.

"धुतला की संपला ना गं, आत्या."

मी आतल्या आत तडफडत होतो. शेवटी तिलाच राहवेना. फोटोवाल्या काकांनी उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत हात घालून मला उघडलं, चाचपलं आणि मान हलवली.

"ताई, फिल्म सगळी डबीतच आहे. एकही फोटो नाही यात. भरताना घाई झाली असणार."

घरी येऊन ती मला समोर ठेवून टेबलाशी बसली.

मित्रांनो, आमच्यासारख्या यंत्रांना फारसं काही लागत नाही. भिंग मऊ कापडानं पुसा, ओलीत ठेवू नका. आणि कुणी रोल भरत असेल, तर त्याला खुंटी बघून होऊ द्या. तेवढा वेळ थांबा.

मग लेक मोठ्यानं म्हणाली, "उशीर होत नव्हता, बाबा. दुकान संध्याकाळपर्यंत उघडं असतं. तुम्ही रस्त्यात थांबलात, की मला लाज वाटायची."