कुरणाला पडीक म्हणणारा फलक

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे. मित्रांनो, तुमच्यासमोर बोलायचीही मला लाज वाटते, पण बोलल्यावाचून राहवत नाही.

रंगाऱ्याने मला पिवळा रंग दिला आणि कुंचला हातात धरून तो घुटमळला. “साहेब, गवत कमरेएवढं आहे. पडीक कसं लिहू?”

जमीन मोजायला आलेले साहेब हसले. “गवतच ना? झाड दिसतंय का एक तरी?”

झाले! माझ्या छातीवर ‘पडीक जमीन’ अशी ठसठशीत अक्षरे उमटली आणि मला रस्त्याकडे तोंड करून रोवले गेले.

माझी ऐट काय विचारता! मला वाचूनच लोक रोपे घेऊन आले. माझ्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो काढले. अर्ध्या कुरणात झाडे वाढली, सावली दाटली आणि उन्हावर जगणारे गवत तिथून गेले. जमिनीवर घरटी करणारे चंडोल उरलेल्या अर्ध्यात आले. मला त्याचे सोयरसुतक नव्हते.

परवा मेंढ्या राखणारी बहीण-भाऊ माझ्या सावलीत डबा सोडून बसली.

“ताई, राहिलेल्या कुरणातही सोमवारी खड्डे खणणार म्हणे. मेंढ्या न्यायच्या कुठं?”

“आजोबांच्या आजोबांनी इथंच चारल्या रे. वणवे लागले, दुष्काळ पडले, तरी खालची मुळं जिवंत. पुन्हा उगवलंच ना?”

“मग हा पडीक का म्हणतो?”

“म्हणेना का! त्याची पाठ आहे इकडे. बघितलंय कधी त्यानं?”

मी शरमेने पाणी पाणी झालो. ज्याच्याविषयी इतकी वर्षे छातीठोकपणे सांगत होतो, ते मी खरोखरच पाहिले नव्हते.

आज रोपांसाठी आणलेला पाण्याचा टँकर मागे घेताना चालकाचा अंदाज चुकला आणि धक्क्याने गर्रकन फिरून मी कुरणात तोंडावर आपटलो. तेव्हा कुठे मला गवत दिसले. किती परींचे! एक मुंगी कुसळाचे बी ओढत होती. शेजारच्या झुपक्याखाली चंडोलाची अंडी होती. माझी धारदार कड त्यांच्यापासून जेमतेम वीतभर लांब पडली होती. मला स्वतःचीच किळस आली.

चालक म्हणाला, “उद्या येऊन उभा करतो.” उद्या सोमवार आहे.

मित्रांनो, कुठल्याही फलकावर काहीही लिहिलेले असो, आधी खाली वाकून बघत जा. आणि मला उभे करू नका. मला वाचूनच कुदळी चालतील. माझी अक्षरे खरवडून टाका, पत्रा वाकवा आणि मेंढ्यांना पाणी प्यायला माझी डोण करा.