मोकळ्या दोन ओळी

स्टेशन डायरीत मधूनमधून दोन ओळी कोऱ्या सोडायच्या, ही माझी शिकवण. काही राहून गेलं तर मागाहून जुन्या वेळेची नोंद घुसवता येते. हाताखालच्यांना मी हे मोठ्या ऐटीत सांगायचो. एकोणनव्वदच्या मे महिन्यात ही अक्कल माझ्याच अंगाशी आली.

मी तेव्हा ठाण्यात, खाडीकाठच्या पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक. सकाळी अकराला आलो तर फाटकात कोळीवाड्यातल्या तीसेक बाया बसलेल्या. पुढे भागीरथी.

"सायेब, माजा पोरगा दामाजी कालधरनं घरा नाय. तुमच्याच मानसांनी नेला. दाव मना त्याला."

डायरी उघडली. दामाजीचं नाव कुठेच नव्हतं.

माणूस मात्र मागच्या खोलीत होता, कोळीवाड्यात मासेमारीची जाळी विणणारा. उजवा हात कोपरापर्यंत सुजलेला, बोटं हलत नव्हती. वागळे इस्टेटमधल्या तांब्याच्या तारांच्या चोरीत हवालदार काळुरामने त्याला काल संध्याकाळी उचललेलं. पहाटे खरा चोर सापडला.

माझं डोकं फिरलं. "काळुराम, नोंद कुठाय?"

"करतो ना साहेब. आज सकाळी नऊच्या नोंदीखाली दोन ओळी मोकळ्या आहेत. चौकशीला बोलावला, पळताना जिन्यावरून पडला. एसीपी साहेब निघालेत, दहा मिनिटांत येतील. तुम्ही फक्त सही मारा."

काळुराम माझा सगळ्यात कामाचा माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. डायरी लिहिणारा शिपाई कुंडलिक पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होता. दारात सगळा स्टाफ जमलेला. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू? सही केली असती तर उद्यापासून प्रत्येकाने तेच केलं असतं, आणि माझ्याच नावावर.

पेन ओढून घेतलं. कोऱ्या ओळींवर फुल्या मारल्या आणि खाली खरी वेळ टाकली. दामाजी कालपासून नोंदीविना ठाण्यात, मारहाण काळुरामने केली. पुढे लिहिलं, डायरीत जागा मोकळी ठेवण्याचा आदेश माझा.

काळुरामचा चेहरा उतरला. "साहेब, मी तर गेलोच. तुम्ही कशाला मरता?"

"तुला ही सवय कुणी लावली रे?"

 मी नोंदीखाली सही केली.

दामाजीला इस्पितळात न्यायला मी स्वतः जीपपर्यंत घेऊन गेलो. भागीरथीला सगळं कबूल केलं, नोंद केल्याचंही सांगितलं. वाटलं, निदान शिव्या तरी देईल. तिने पोराची बोटं एकेक करून दाबून पाहिली.

"लिवलास ता बरा केलास, सायेब. पन आता जाली कोन विनंल?"