अस्सल इथलीच झाडं

सासऱ्यांच्या नर्सरीत एकही झाड इथलं नव्हतं. पाम कुठल्याशा बेटावरचे, लॉन भलत्याच खंडातलं, आणि दाराशी निळसर पानांचं एक झुडूप होतं, ते कुठलं हे त्या झुडपालाही आठवत नसावं. सगळ्यांना सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी सावली, वर ओल्या फडक्याने पानं पुसणं. नर्सरीच्या वरच्या खोलीत घरजावई राहायचा. त्याचीही व्यवस्था साधारण अशीच होती.

सासरे माणूस देवासारखा, हीच मोठी अडचण. छळलं असतं तर भांडून निघता आलं असतं. पण ते जावयाला कधी उणा शब्द बोलले नाहीत. 'जावईबापू' म्हणायचे आणि तो आंघोळीला शिरला की टॉवेल घेऊन दाराबाहेर उभे राहायचे. नवरा-बायकोने खोलीचं दार लोटलं की थोड्याच वेळात टकटक व्हायची, उकडत नाही ना म्हणून. एकदा जावई वैतागून एकटा गच्चीत जाऊन बसला, तर सासरे मागोमाग वर आले. दोन खुर्च्या घेऊन.

बायकोने सामानाचे खोके भरून पलंगाखाली सारले होते. कुठे जायचं ते ठरलं नव्हतं, जायचं एवढं ठरलं होतं.

मग जावयाला गावच्या वाचनालयाच्या अंगणाचं काम मिळालं. वाचनालयाच्या मागे माळीकामाच्या माणसासाठी दोन खोल्या होत्या. अंगणात फक्त इथली झाडं लावायची, ती जगली तर देखभालीचं काम आणि खोल्या जावयाच्या, असं अध्यक्षबाईंनी कबूल केलं होतं. बाहेरच्या झाडांनी पाणी पिऊन पिऊन विहीर तळाला नेली, असं बाईंचं म्हणणं. जावयाने माळावरून, ओढ्याकाठून रोपं जमवली. काटेरी बोरी, रानगवत, चिवट वेली. सासऱ्यांनी ती निरखून पाहिली आणि काळजीने विचारलं, आजारी आहेत का?

रोपं झकास लागली. पुढे उन्हाळा आला आणि त्यांनी इथल्या सवयीप्रमाणे पानं टाकली. गवत वाळून तांबूस झालं. मेलं काहीच नव्हतं, सगळी निवांत निजली होती. जावई काडी नखाने खरवडून आतला हिरवा रंग बायकोला दाखवायचा.

"मला दिसतोय रे," ती म्हणायची. "बाई खरवडून बघणार आहेत का?"

पाहणीच्या दिवशी सकाळी दोघं वाचनालयात पोचली, तर अंगण हिरवंगार. पाम कुंड्यांसकट पुरून रांगेत उभे. लॉनच्या गुंडाळ्या कोपऱ्यापर्यंत बसवलेल्या. मधोमध सासरे, पानं पुसत. जावयाची रोपं त्यांनी पहाटेच उपटून टेम्पोत भरून दिली होती.

"सगळी गेली होती, जावईबापू," ते हळूच म्हणाले. "घरातली गोष्ट घरातच राहील. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

जावयाला मनाला लावून घ्यायलाही वेळ मिळाला नाही, कारण फाटकातून कमिटी आत आली. अध्यक्षबाई इथल्या झाडांवर गावभर भाषणं करायच्या, फक्त त्यांची आणि झाडांची प्रत्यक्ष भेट व्हायची राहिली होती. त्यांनी एका पामवरून मायेने हात फिरवला आणि आपलं ते आपलंच, असं जाहीर केलं. एका वयस्कर सदस्यांना आजोळचं परसू आठवून गहिवरून आलं.

"सगळी इथलीच ना?" बाईंनी विचारलं.

खरं उत्तर जावयाच्या जिभेवर तयार होतं. ते दिलं की परत वरची खोली. त्याने बायकोकडे पाहिलं. ती खोल्यांच्या दाराकडे पाहत होती, भुकेल्या माणसाने ताटाकडे पाहावं तशी.

"अस्सल," जावई म्हणाला.

किल्ली तिथल्या तिथे हातात आली. बाईंनी जाता जाता विचारलं, देखभाल काय लागेल? आता खोटं सुरू केलंच होतं, म्हणून जावयाने तेही पुढे रेटलं: इथल्या झाडांना काही लागत नाही, वर्षातून एकदा विचारपूस केली तरी पुरे.

हे मात्र सासऱ्यांना ऐकवेना. पाम संध्याकाळपर्यंत माना टाकतील. ते पुढे आले आणि पाणी, सावली, खत, फवारा असं सगळं भडाभडा सांगून टाकलं. शिवाय रात्री कुणीतरी जवळ हवं. बाई थक्क झाल्या. इथल्या मातीवर इतकी माया असलेला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. हे कायम इथेच राहिले पाहिजेत, असं त्या म्हणाल्या आणि कमिटीने माना डोलावल्या.

दुपारी खोके आले. मागोमाग सासऱ्यांची गादी आली. नर्सरी त्यांनी धाकट्या भावाच्या गळ्यात मारली होती.

दोन खोल्या एकामागे एक होत्या. सासऱ्यांनी आतली पसंत केली. तिच्या खिडकीतून पाम दिसत होते. बाहेर पडायची वाट मात्र पहिल्या खोलीतून, म्हणजे नवरा-बायकोच्या पलंगाच्या पायथ्याशीच होती.

"रात्री किती वेळा उठाल, मामा?" जावयाने विचारलं.

"ते झाडांवर आहे," सासरे म्हणाले, आणि पलंग थोडा भिंतीकडे सरकवू लागले, जाता-येता कुणाची झोपमोड नको म्हणून. जावयाने दुसरी बाजू धरली.